सायकल अंगाला बसली पाहिजे

पाऊस ओसरून हवेत जरा गारवा आला की रविवारी पहाटे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर सायकलींचे लाल दिवे लुकलुकू लागतात. कोणाला पन्नास किलोमीटरच्या पुढे जाऊन पाहायचे असते, कोणी पहिल्या ‘बीआरएम’ची तयारी करत असतो. यातल्या काही सायकली पुढच्या उन्हाळ्यात गॅलरीत टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येतात. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते: गुडघा धरला, कंबर लागली, हाताची बोटे बधीर झाली. आणि पुढे एक वाक्य हमखास येते, ‘आता वय झाले.’

वयाचा दोष असतोच असे नाही. पुष्कळदा तो सीटच्या दांड्यातल्या एका नटाचा असतो.

बीआरएम किंवा ब्रेव्हे हा प्रकार मूळचा फ्रान्सचा. ही शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे, एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. याच परंपरेतली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १८९१ मध्ये सुरू झालेली सुमारे १२०० किलोमीटरची मोहीम आता चार वर्षांतून एकदा होते आणि तिला कमाल ९० तास मिळतात. त्यात वेगापेक्षा जास्त महत्त्व तासन् तास सायकलवर टिकण्याला असते, म्हणून सायकल शरीराला कशी बसते हे समजून घ्यायला हा प्रकार चांगला.

साधा हिशेब करून पाहू. २०० किलोमीटरमध्ये विश्रांती वगळून नऊ तास पायडल मारले आणि मिनिटाला ७५ फेऱ्या धरल्या, तर एका पायाच्या ४०,५०० फेऱ्या होतात. चालताना आपण खड्डा चुकवतो, पाऊल तिरके टाकतो, चाल बदलतो. सायकलवर ती मुभा नाही. पायडल एकाच वर्तुळात फिरते, सीट जागची हलत नाही, आणि गुडघ्याला या दोघांच्या मधे जे अंतर मिळेल त्यात काम भागवावे लागते. ते अंतर एक सेंटिमीटरने चुकले असेल तर भाजी आणायला जाताना कळणारही नाही. चाळीस हजार वेळा तीच चूक घडली की मात्र गुडघा तक्रार करतो.

त्यामुळे सुरुवात सीटच्या उंचीपासून करायची. आपल्याकडे सर्वात जास्त गफलत इथेच आढळते आणि तिचे मूळ लहानपणात आहे. घरातली काळी, चोवीस इंची सायकल दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्या पिढीला पडण्याची भीती चांगली माहीत आहे. तीच पिढी आता मुलांना आणि स्वतःलाही सांगते, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दुकानदारही तेच करून देतो. गिऱ्हाईक सीटवर बसते, तळवे टेकवते आणि खूश होऊन घरी जाते. पण ज्या उंचीवर दोन्ही तळवे आरामात टेकतात, त्या उंचीवर पायडल मारताना गुडघा कधीच पुरता मोकळा होत नाही. उकिडवे बसून उठाबशा काढल्यासारखे ते काम आहे. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना त्यावर जोर पडतो, तितकी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. वाटीभोवती, समोरच्या बाजूला दुखू लागले तर आधी सीट खाली आहे का हे पाहावे. तेल, पट्टे, गोळ्या नंतर.

थांबताना सीटवर बसून राहायचे नसते, हे मनाशी पक्के केले की ही अडचण सुटते. ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचे, दांडीच्या अलीकडे-पलीकडे पाय ठेवून एक पाय जमिनीवर टेकवायचा. रिकाम्या मैदानात अर्धा तास सराव केला की पुरे.

मग योग्य उंची किती? घरच्या घरी काढता येते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मधे धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा वर ओढा. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे लागते तिथे खूण करा आणि जमिनीपासून मोजा. ही झाली पायाची आतली लांबी. तिला १.०९ ने गुणले की पायडल सर्वात खाली असताना त्याच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. हे सूत्र १९६० च्या दशकातल्या एका प्रयोगातून आले. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारे दुसरे सूत्र ०.८८३ चे. त्यात दोन्ही क्रँक ज्या आसावर फिरतात, तिथून सीटपर्यंत मोजतात. पायाची लांबी ८० सेंटिमीटर असेल तर पहिल्या सूत्राने ८७.२ येतात. दुसऱ्याने ७०.६ येतात आणि त्यात क्रँकची नेहमीची १७ सेंटिमीटर लांबी मिळवली तर ८७.६ होतात. फरक चार मिलिमीटरचा. म्हणजे दोन्ही आपल्याला एकाच गल्लीत आणून सोडतात, घर आपणच शोधायचे. बुटाच्या तळव्याची जाडी, घोट्याची सवय, मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताठरपणा यांवर तो शेवटचा अर्धा-एक सेंटिमीटर ठरतो.

टेपही हाताशी नसेल तर टाचेची जुनी युक्ती आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सर्वात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवड्याने पायडल धरले की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. तज्ज्ञ हा बाक कोनमापकाने मोजतात आणि साधारण २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ठेवतात. उत्साहाच्या भरात सीट फार वर नेली तर उलटी दुखणी सुरू होतात: गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटते, आणि पायडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलू लागल्याने सीटवर कातडी घासते. हे डोलणे स्वतःला कळत नाही. मागून येणाऱ्या मित्राला विचारावे, किंवा त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगावे.

उंचीनंतर सीट पुढे-मागे किती, हे ठरवायचे. इथे गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवून, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आसावरून जावा, असा नियम वर्षानुवर्षे सांगितला जातो. सायकल बनवणाऱ्या कीथ बाँट्रेगर यांनी या नियमाला चक्क दंतकथा म्हटले होते आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पाठीवर रेलून चालवायच्या सायकलींवर गुडघा आणि पायडल यांचा ओळंब्याशी काहीच संबंध नसतो, तरी लोक मजेत पायडल मारतात. माझ्या मते ओळंबा सुरुवातीची खूण म्हणून ठीक, खरी परीक्षा तोलाची. सायकल ट्रेनरवर लावून मध्यम जोराने पायडल मारत असताना दोन्ही हात हँडलवरून बोटभर उचला. अंग पुढे कोसळत असेल तर सीट बहुधा जास्त पुढे आहे, ती थोडी मागे सरकवा. मागे सरकवली की पायडल लांब जाते, म्हणून उंची किंचित कमी करायला विसरू नका.

हा तोल समजला की सायकलवरचा आराम कुठून येतो हे लक्षात येते. आपले वजन तीन ठिकाणी वाटले जाते: बैठक, हात आणि पाय. आजोबांच्या सायकलवर ताठ बसायचे, स्प्रिंगची रुंद सीट, हँडल छातीशी. बाजारापर्यंत जायला यापेक्षा सुखाची बैठक नाही. पण त्यात जवळजवळ सगळे वजन बैठकीवर येते आणि रस्त्याचा प्रत्येक दणका थेट मणक्यात जातो. शिवाय समोरच्या वाऱ्याला आपण दारासारखे उभे असतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून लांबच्या प्रवासाला कंबरेतून थोडे पुढे झुकायचे. तिसरा वाटेकरी म्हणजे पाय, आणि त्याला सगळे विसरतात. पायडलवर जोर देतो तेव्हा तेवढ्या प्रमाणात बैठक हलकी होते. दमल्यावर पायांतला जोर जातो आणि वजन पुन्हा बैठकीवर येते. शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये अचानक सीट टोचू लागते ती यामुळे. अशा वेळी सीटला शिव्या देण्याआधी दोन केळी खाऊन पाहावीत.

सीटबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण इथल्या दुखण्याविषयी लोक डॉक्टरांशीही बोलत नाहीत. आपल्या बैठकीत दोन हाडे असतात. कठीण बाकावर बसून थोडे पुढे-मागे हलले की ती जाणवतात. वजन पेलायला निसर्गाने तीच दिली आहेत. त्यांच्या मधल्या मऊ भागातून जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तो भाग ओझे वाहण्यासाठी नाही. सीट अरुंद असेल तर हाडे बाहेर लटकतात आणि भार मधे येतो. यावर लोक जेलचे जाड कव्हर आणतात, आणि लांबच्या अंतरावर तेच नडते. हाडे त्या मऊ थरात रुततात, मधला भाग वर फुगतो आणि जिथे दाब नको तिथेच वाढतो. दोन किलोमीटर गादीवर बसल्यासारखे वाटते, साठ किलोमीटरनंतर मुंग्या येतात. म्हणून लांब जाणाऱ्यांच्या सीट बेताच्या कडक असतात, याचे नवख्यांना नवल वाटते.

हा दाब किती गंभीर, याचा अभ्यास अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नियॉश’ या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवर केला. त्यांना पुढचे नाक नसलेल्या सीट देण्यात आल्या आणि सहा महिन्यांनी ९० पोलिसांची पुन्हा तपासणी झाली. मधल्या भागावरचा दाब ६६ टक्क्यांनी उतरला होता. सायकलवर बधीरपणा अजिबात जाणवला नाही असे सांगणारे आधी २७ टक्के होते, ते ८२ टक्के झाले. हा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बिननाकाच्या सीटवर सायकलचा ताबा ठेवायला सवय लागते, त्यामुळे लांब पल्ल्याचे बहुतेक स्वार मधे खाच असलेली, आपल्या मापाची सीट घेतात. बधीरपणा ‘चालायचेच’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, एवढे या अभ्यासावरून नक्की घ्यावे.

माप काढायला खोक्याचा नालीदार पुठ्ठा पुरतो. तो कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर पातळ कपड्यांनिशी बसा, पाय थोडे उचलून पुढे झुका आणि उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची रुंदी मिळते. स्त्रियांची कटी सहसा रुंद असते, तरी दुकानातल्या पुष्कळ सायकलींवर पुरुषांच्या मापाची सीट असते. पुढच्या नाजूक भागावर सूज किंवा जखम होत असेल तर सोसत न बसता सीट बदलून घेणे हा सरळ उपाय आहे. सायकलच्या पॅड लावलेल्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते, हेही सांगायला हवे. त्याच्या शिवणी कातडीला कापतात. ती चड्डी दर वेळी धुवायची, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून रक्त खेळते करायचे.

सीटचा कल मोबाइलमधल्या लेव्हलनेही पाहता येतो. ती आडवी सपाट ठेवून सुरुवात करा आणि गरज वाटली तर नाक दोन-तीन अंश खाली. त्याहून जास्त खाली केले की अंग सतत पुढे घसरते, ते थोपवायला हात ताठ होतात आणि बोटे बधीर होतात. अशा वेळी लोक महागडे ग्लव्हज आणतात, आणि दोष मागे सीटमध्ये असतो.

बोटे बधीर होतात ती बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारची. कोपर दाराला आपटल्यावर जी झिणझिणी येते, तीच नस मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यातून जाते. हँडलवर नेमका तोच उंचवटा दाबला जातो. हँडल फार लांब किंवा फार खाली असले की कोपरे ताठ होतात आणि रस्त्याचे हादरे सरळ त्या नसेवर येतात. लांबच्या प्रवासाला हँडल साधारण सीटच्या पातळीवर असावे, आणि ते धरल्यावर कोपरांत सहज बाक राहावा. हँडलला सायकलशी जोडणारा स्टेम वेगवेगळ्या लांबीचा मिळतो. दोन सेंटिमीटर आखूड स्टेमने हँडल दूर असल्याची तक्रार मिटू शकते. वाकड्या शिंगांसारख्या ड्रॉप हँडलवर हात ठेवायच्या तीन-चार जागा असतात, सरळ हँडलवर एकच. ती अडचण टोकांना लावायच्या छोट्या शिंगांनी, म्हणजे बार-एंडने, स्वस्तात सुटते.

हँडल खाली असले की मानही सतत मागे मोडून धरावी लागते. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४८०० किलोमीटरच्या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की काही स्वारांना डोके वर धरताच येत नाही. १९८३ मध्ये मायकेल शर्मर या स्वाराचे तसे झाले, तेव्हापासून त्या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून हीच शर्यत पूर्ण केली. आपल्याला ४८०० किलोमीटर जायचे नसले तरी शंभराव्या किलोमीटरला खांदे कानांपर्यंत चढले असतील, तर हँडल सेंटिमीटरभर वर घ्यायला हरकत नाही. रुबाब थोडा कमी होईल.

टायरबद्दल एक जुनी समजूत मोडायला हवी. हवा जितकी कडक तितकी सायकल हलकी, असे आपण ऐकत आलो. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर ते बऱ्याच अंशी खरे, आपल्या रस्त्यांवर नाही. दगडासारखे टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि माणूस दोघांना उचलतात, आणि ती ऊर्जा मांसात, सांध्यांत जिरते. आपण दमतो ते त्यामुळेही. बेलफास्टमध्ये गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला, तोही दणके कमी व्हावेत म्हणून. चौकटीत मावत असतील तर २३ मिलिमीटरऐवजी ३२ चे टायर घ्यावेत. सत्तर किलोच्या माणसाला त्यात ६० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. फार कमी केली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटून पंक्चर होते, तेव्हा पाच-पाच पीएसआयने उतरत जावे.

एक गोष्ट मात्र पान्ह्याने बदलत नाही, ती म्हणजे चौकटीचे माप. दुकानात शिल्लक आहे म्हणून मोठी चौकट गळ्यात मारली गेली, तर सीट आणि हँडल कितीही हलवले तरी सायकल परक्या माणसाच्या कोटासारखी राहते. मोठी रक्कम मोजण्याआधी एखाद्या जाणकार फिटरकडे माप काढून घ्यावे. पायांच्या लांबीत फरक असेल किंवा पाठीचे जुने दुखणे असेल तर ते आवश्यकच. आणि सगळे जुळवूनही बोटांतला किंवा बैठकीचा बधीरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही, शर्टाचे बटण लावताना बोटे चुकू लागली, गुडघ्याला सूज आली किंवा लघवीत रक्त दिसले, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मधुमेहींनी तर दोन दिवसही थांबू नये.

बदल करताना एका वेळी एकच, आणि तोही तीन ते पाच मिलिमीटरचा. सीट, कल आणि हँडल एकाच रविवारी बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. एका बदलानंतर दोन-तीन फेऱ्या मारून मग पुढचा. ब्रेव्हेच्या आदल्या आठवड्यात काहीही हलवू नये, नवी सीट तर मुळीच लावू नये. ॲलन कीचा छोटा संच खिशात असू द्या आणि तिन्ही मापे वहीत लिहून ठेवा. सीटच्या दांड्यावर, चौकटीत शिरतो तिथे, इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. सर्व्हिसिंगला सायकल दिली की धुण्यासाठी सीट काढली जाते आणि परत लावताना कारागीर ती आपल्या अंदाजाने बसवतो. टेप काढू नको, असे त्याला आधीच सांगून ठेवावे.